एसडब्ल्यू२० एमआर-टू: मागची बाजू का सुटते आणि ती ताब्यात कशी ठेवायची

टोयोटाची दुसऱ्या पिढीची एमआर-टू, म्हणजे एसडब्ल्यू२० (१९८९ ते १९९९), घेतली की बरेच जण एकाच क्रमाने जातात. आधी गाडी खाली बसवणारे स्प्रिंग, मग जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी), मग पुढे रुंद टायर. आणि एखाद्या ओल्या राउंडअबाउटवर गाडी स्वतःभोवती फिरली की शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. हा क्रम नेमका उलटा आहे. आधी टायर, मग बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि जॉइंट, मग अलाइनमेंट, मग मोकळ्या जागेत सराव, आणि तरीही काही खटकलं तरच नवे पार्ट.

ही गाडी भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. ब्रिटन, जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे राहणाऱ्यांच्या हाती ती जुनी म्हणून येते, तीन-चार मालक पाहून आलेली. खालचं सगळं अशाच गाडीसाठी आहे. सुस्थितीतल्या, मूळ मापांच्या गाडीला यातलं अर्धंच लागेल.

## आधी एवढं समजून घ्या

इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, मागच्या धुऱ्याच्या जरा पुढे, आडवं बसवलेलं आहे. वजनाचा साधारण ५८ टक्के भाग मागच्या चाकांवर असतो. सगळं जड सामान मधोमध असल्याने गाडी चटकन वळायला लागते, आणि त्याच कारणाने चटकन गरकाही घेते. पुढे इंजिन असलेली गाडी घसरताना आधी कुरकुरते. ही फार कमी वेळ देते.

आता वळणात पाय उचलल्यावर काय होतं ते आकड्यात पाहू. गाडी चालकासह १२५० किलो, चाकतळ (पुढच्या-मागच्या धुऱ्यांतलं अंतर) २.४ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरला आणि पाय उचलल्याने गाडी ०.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश) इतकी मंदावली, तर मागच्या चाकांवरचे सुमारे ५२ किलो पुढे सरकतात. मागे साधारण ७२५ किलो असताना ५२ म्हणजे फार नव्हे. पण टायर आधीच पकडीच्या टोकाला असेल तर त्याच्याकडे शिल्लक काहीच नसतं. शिवाय तेच ५२ किलो त्याच क्षणी पुढच्या टायरांना जास्त पकड देतात. मागचं सुटतं आणि पुढचं चावतं, दोन्ही एकदम.

आणखी एक गोष्ट. संथ वळणात ही गाडी आधी पुढून सरकते, कारण पुढे वजन कमी. अधीर चालक स्टेअरिंग आणखी वळवतो. तरी वळत नाही म्हणून घाबरून पाय उचलतो. पुढच्या टायरांवर वजन येतं, ते भरपूर वळवलेले असतात, आणि गाडी आत झेपावते. लोक ज्याला ‘अचानक मागून सुटली’ म्हणतात, त्यातली बरीच प्रकरणं अशी पुढून सुरू झालेली असतात.

## टप्पा १: गाडी कोणत्या मापाची आहे ते ठरवा

सुरुवातीच्या गाड्या १४ इंची चाकांवर येत: पुढे १९५/६० आर१४, मागे २०५/६० आर१४ (पहिला आकडा रुंदी मिमीत, शेवटचा चाकाचा व्यास इंचांत). १९९२ च्या सुधारणेत मागच्या सस्पेन्शनची भूमिती बदलली आणि १५ इंची चाकं आली: पुढे १९५/५५ आर१५, मागे २२५/५० आर१५. अमेरिकेत हा बदल १९९३ च्या मॉडेलवर दिसतो.

गाडीची कागदपत्रं एक वर्ष सांगतात आणि चाकं भलतंच, असं सर्रास घडतं. आधीच्या मालकाने नंतरच्या गाडीची चाकं जुन्या गाडीवर चढवली असतील तर भूमिती जुनीच राहते. म्हणून अलाइनमेंटचे आकडे घेताना चाकं पाहू नका, चॅसी क्रमांकावरून वर्ष काढा.

## टप्पा २: टायर

या गाडीत निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर खोल नक्षी असली तरी काढा. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, कडक होतात. आणि कडक टायर ओल्या रस्त्यावर सुटतो तो कुठलाही इशारा न देता.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हवेत. मूळ १५ इंची मापं आता शोधावी लागतात, म्हणून दुकानदार पुढे एक आणि मागे दुसराच टायर खपवू पाहतो. घेऊ नका. माप मिळतच नसेल तर १६ किंवा १७ इंची चाकांवर जा, पण दोन गोष्टी जपा. मागचा टायर पुढच्यापेक्षा २० ते ३० मिमी रुंद हवा, आणि मागचा व्यास थोडा मोठा हवा. मूळ १५ इंचीत पुढचा व्यास सुमारे ५९५ मिमी आणि मागचा ६०६ मिमी भरतो. एबीएस असलेल्या गाडीत हे प्रमाण आणखी काटेकोरपणे पाळा.

नेहमीची चूक: पुढून सरकते म्हणून पुढे २१५ चे टायर घालणं. पुढची पकड वाढते, मागची तेवढीच राहते. पार्किंगमध्ये गाडी छान वाटते; ओल्या उतारावर तिचं खरं रूप कळतं.

दुसरी चूक: दोनच नवे टायर घेऊन ते पुढे बसवणं. नवे नेहमी मागे.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. गाडी तीन तास उभी असावी किंवा दोन-तीन किलोमीटरहून जास्त चाललेली नसावी. हवेचं तापमान साडेपाच अंश सेल्सियसने बदललं की दाब साधारण १ पीएसआयने बदलतो. हिवाळ्याआधी भरलेली हवा ऐन थंडीत आपोआप कमी झालेली असते. चाकांची मापं बदलली असतील तर स्टिकरचे आकडे फक्त सुरुवात म्हणून घ्या आणि एका वेळी २ पीएसआय, तेही एकाच धुऱ्यावर बदला. दोन्हीकडे एकदम फेरफार केला की कशाने काय झालं ते कळत नाही.

तपासणी: गेज स्वतःचा ठेवा. पेट्रोल पंपावरचा गेज ३ पीएसआयने चुकलेला असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

## टप्पा ३: खालचे सांधे

गाडी रॅम्पवर घ्या, नाहीतर चारही कोपऱ्यांना भक्कम स्टँड लावा.

सावधान: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालू नका. जॅक ठेवताना मधल्या बोगद्याखाली, म्हणजे तळाच्या मधोमध लांबवर गेलेल्या पोकळ भागाखाली, ठेवू नका. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने कूलंटचे लांब पाइप तिथूनच जातात, आणि पेट्रोलची टाकीही त्याच बोगद्यात आहे. या पाइपला पोचा पडला की इंजिन तापायचं कारण महिनोन्‌महिने सापडत नाही.

पुढचं चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. नऊ आणि तीनच्या जागी खेळ असेल तर टाय रॉडचं टोक किंवा स्टेअरिंग रॅक. हे बहुतेक मेकॅनिक करतात. मागच्या चाकांना मात्र कुणी हात लावत नाही, आणि या गाडीचा जीव तिथेच आहे. मागचं चाक नऊ-तीनला धरून हलवा. तिथे किंचितही खेळ असेल तर टो, म्हणजे वरून पाहताना चाक किती आत-बाहेर वळलंय ते, ठरवणाऱ्या आडव्या लिंकची टोकं गेली आहेत. म्हणजे मागची चाकं आपल्या मनाने स्टेअर होतात.

मग चाकाला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या रॉडचा रबरी बुश पाहा. बुशाशेजारी पहार लावून हलका जोर द्या. रबर तडकलेलं किंवा धातूच्या नळीपासून सुटलेलं असेल तर ब्रेक मारताना चाक मागे ओढलं जातं आणि टो बदलतो. रस्त्यावर याची खूण सोपी आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० ला अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि सोडा. गाडीची मागची बाजू हळूच डावी-उजवी डोलली तर संशय याच बुशांवर.

डोलण्याऐवजी पाठीमागून ‘धप्प’ असा धक्का आला तर तो इंजिन माउंटचा. हा दोष हाताळणीचा म्हणून खपतो, म्हणून वेगळा सांगावा लागतो. माउंट फाटला की पाय ठेवताना आणि उचलताना इंजिन पुढे-मागे झुलतं, आणि वळणात त्याचा झटका मागच्या टायरांना बसतो. तपासण्यासाठी मागचं झाकण उघडा, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दाबून ठेवा, पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडा, मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून इंजिन किती हलतं ते पाहावं. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणी उभं राहायचं नाही.

शॉकर तेल गळत असतील तर विषय संपला. गळत नसतील तरी तीस वर्षांचे शॉकर ठीक असतील असं धरू नका. बोनेट दाबून गाडी किती वेळा उसळते ते पाहण्याची पद्धत फक्त पूर्ण मेलेला शॉकर ओळखते. बदलायचे तर धुऱ्यावर दोन्ही एकदम.

बुश बदलताना बोल्ट गंजून आतल्या नळीत अडकलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि नवे बोल्ट आधी मागवा, कारण एखादा तुटणारच.

सगळ्यांत महाग पडणारी चूक: चाकं लोंबकळत असताना रबरी बुशांचे बोल्ट पूर्ण आवळणं. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं, आणि तोवर गाडी मापापेक्षा उंच उभी राहते. आधी बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, आणि तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना शेवटचा आवळा द्या.

## टप्पा ४: अलाइनमेंट

बुश बदलण्याआधी केलेलं अलाइनमेंट फुकट जातं, म्हणून ते आता.

दुकानात जाण्यापूर्वी टायरची हवा बरोबर करा, पेट्रोल अर्धी टाकी ठेवा आणि स्टेपनी तिच्या जागी, म्हणजे पुढच्या डिकीत, ठेवा. वजन कमी करायचं म्हणून स्टेपनी काढून टाकणारे आधीच हलका असलेला पुढचा भाग आणखी हलका करतात. ड्रायव्हरच्या सीटवर ७० ते ७५ किलो वजन ठेवायला सांगा. दुकानदार हसेल. ठेवायला सांगाच.

क्रम: आधी मागची चाकं, मग स्टेअरिंग सरळ धरून पुढची. मागची जोडी गाडीच्या मधल्या रेषेशी सरळ नसेल तर पुढे कितीही जुळवलं तरी गाडी तिरकी चालते.

आकडे तुमच्या वर्षाच्या दुरुस्ती पुस्तिकेतले घ्या. रस्त्यावरच्या गाडीसाठी सुरुवात म्हणून हे चालतात: मागे एकूण ३ ते ५ मिमी टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली), म्हणजे दोन्ही चाकं मिळून साधारण ०.३ ते ०.५ अंश, डाव्या-उजव्यात सारखा वाटलेला. पुढे ० ते १ मिमी टो-इन. कॅम्बर (पुढून पाहताना चाकाचा कल; उणे म्हणजे वरची कड आत) पुढे उणे १ अंशाच्या आसपास, मागे उणे १.५.

मागचा टो-इन हा या गाडीचा विमा आहे. वळणात भार बाहेरच्या मागच्या चाकावर येतो. ते किंचित आत वळलेलं असेल तर मागची बाजू आत ढकलली जाते. ते बाहेर वळलेलं असेल, म्हणजे टो-आउट असेल, तर स्टेअरिंग फिरवताच मागची बाजू बाहेर निघते आणि चालकाला वाटतं आपण काही चुकीचं केलं. एक मिमी टो-आउटही सोडू नका.

मागच्या लिंकवरचे टो फिरवण्याचे आटे गंजून घट्ट बसलेले असतात. दुकान अशा वेळी मागचं सोडून नुसतं पुढचं करून देतं आणि ‘अलाइनमेंट झालं’ म्हणतं. म्हणून छापील रिपोर्ट मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला. मागच्या टोचा आकडा बदललेला नसेल आणि तो आधी चुकीचा असेल, तर काम झालेलं नाही.

गाडी ३० मिमीहून जास्त खाली बसवली असेल तर हे आकडे कागदावर जुळतील, पण खड्ड्यावर किंवा झुकताना टो कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. अशा गाडीला उंची परत देणं हाच स्वस्त उपाय.

## टप्पा ५: बसणं

पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्याला बाक हवा. लांब हात करून झोपल्यासारखं बसणाऱ्याला उलट स्टेअरिंग वेळेत देता येत नाही. चाकांचे नट १०३ न्यूटन-मीटरला आवळा, स्टेपनी सोडून डिकी रिकामी करा, बाटली-मोबाइल बाहेर ठेवा.

## टप्पा ६: मोकळ्या जागेत

सार्वजनिक रस्त्यावर हा टप्पा करायचा नाही. रिकामा वाटणारा रस्ताही नको, मॉलचं पार्किंगही नको. ब्रिटनमध्ये स्किड पॅन (मुद्दाम निसरडी केलेली सरावाची जागा) आणि ऑटोसोलो, अमेरिकेत ऑटोक्रॉस, जपानमध्ये जिमखाना (तिन्ही शंकूंमधून गाडी चालवण्याच्या स्पर्धा) अशा जागा मिळतात. नेहमीच्या विम्यात हे बहुधा धरलेलं नसतं, आधी विचारून घ्या. पहिल्यांदा शिक्षक शेजारी असू द्या, आणि जमीन ओली असली तर उत्तम: सगळं कमी वेगात घडतं आणि टायर वाचतात.

क. सरळ रेषेत ब्रेक. ताशी ५० वरून जोरात, स्टेअरिंग सरळ. पाच-सहा वेळा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर थांबा आणि टप्पा ३ ला परत जा. ब्रेकने तिरकी होणारी गाडी वळणात घालायची नाही.

ख. वर्तुळ. २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ शंकूंनी आखा. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू वेग वाढवा. कोरड्या जमिनीवर ०.८ जी पकड धरली तर मर्यादा ताशी ४५ किमीच्या आसपास येते, ओल्यावर ०.५ जी धरली तर ३५-३६. त्या मर्यादेजवळ पुढची चाकं सरकायला लागतील, स्टेअरिंग हलकं पडेल आणि गाडी वर्तुळाबाहेर जाऊ पाहील. हाच क्षण ओळखायला शिकायचं आहे. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत तो हातात स्पष्ट कळतो. पॉवर असलेल्या गाडीत आवाजाकडे आणि शंकूंकडे जास्त लक्ष द्या.

स्टेअरिंग हलकं पडलं की ते आणखी वळवू नका. थोडं सरळ करा, अ‍ॅक्सिलरेटर एक-दोन मिलिमीटर कमी करा, आणि पुढची पकड परत येण्याची वाट पाहा. हे हाताला दहा-पंधरा फेऱ्यांत बसतं. ते बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

ग. पाय कमी करणं. त्याच वर्तुळात, मर्यादेच्या बऱ्याच खाली, अ‍ॅक्सिलरेटर पाव भाग कमी करा. नाक आत येईल. मग निम्मा. मग थोडा वेग वाढवून पुन्हा पाव भाग. अशा रीतीने गाडी पायाने वळवता येते हे कळतं. सर्वांत शेवटी, शिक्षक हो म्हणाला तरच, पाय एकदम उचलून पाहा.

घ. सुटल्यावर. मागची बाजू निघाली की नजर जिथे जायचं आहे तिथे, स्टेअरिंग लगेच सुटलेल्या दिशेला, आणि उजवा पाय जिथे आहे तिथे स्थिर. ब्रेक नाही. इथवर बरेच जण पोहोचतात. चुकतात ते यापुढे: मागची बाजू थांबली की स्टेअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करायचं असतं. ते राहिलं तर मागचे टायर पकड घेताच गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते, आणि हा दुसरा फटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. पाव वळणाएवढं उलट स्टेअरिंग देऊनही गाडी आवरत नसेल तर ती गेली असं समजा. क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि थांबेपर्यंत सोडू नका. अर्धवट फिरलेल्या गाडीचा ब्रेक सोडला की ती भलत्याच दिशेला धावते.

तपासणी: दर दहा मिनिटांनी थांबून तापमानाचा काटा पाहा.

## टप्पा ७: वळण जोडणं

आता ट्रॅकवर. ब्रेक सरळ रेषेत पुरा करा, गिअर बदलून घ्या, ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडत स्टेअरिंग द्या. ब्रेक झटकन सोडला तर पुढचं वजन उडतं आणि नाक सरकतं, मग तीच जुनी साखळी सुरू होते. स्टेअरिंग दिलं की लगेच हलका, स्थिर अ‍ॅक्सिलरेटर. जोर द्यायचा तो स्टेअरिंग सरळ होत जाईल तसा.

टर्बो गाडीत गिअर आणखी विचाराने निवडावा लागतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, भरायला लागतो. वळणाच्या मध्यात इंजिन २५०० वर असेल आणि तुम्ही पाय टेकवलात, तर ताकद एका श्वासाने उशिरा आणि एकदम येते. एक गिअर खाली ठेवा म्हणजे बूस्ट आधीच जागा असेल, किंवा एक वर ठेवा म्हणजे तो वळण संपल्यावर येईल. मध्ये अडकू नका.

वेग जास्त झालाय असं वळणाच्या आत लक्षात आलं तर? पाय थोडा कमी, स्टेअरिंग थोडं सरळ, वळण जरा रुंद. जागा असेल तर स्टेअरिंग पूर्ण सरळ करून मग ब्रेक. सरळ रेषेत ट्रॅकबाहेर गवतात जाणं फिरत जाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पावसात पुढचे हलके टायर साचलेल्या पाण्यावर आधी तरंगतात. स्टेअरिंग अचानक मऊ पडलं तर काही वळवू नका, पाय हळूच कमी करा. टायर पुन्हा टेकतील तेव्हा ते सरळ असले पाहिजेत.

उतरण्यापूर्वी टर्बो गाडी मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा. टायर गरम असतानाच त्यांची हवा मोजून लिहून ठेवा. नट पुन्हा १०३ ला तपासा. मग चारही टायरांच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवरून तळहात फिरवा. मागच्या टायरची आतली कड करवतीसारखी लागली तर मागचा टो पुन्हा मोजून घ्या.